लाल खार आणि लॉजपोल पाइन

रॉकी पर्वतातील लॉजपोल पाइन हे झाड आणि त्याच्या फांद्यांवर राहणारी अमेरिकन लाल खार यांची तुलना वरवर पाहता निरर्थक वाटते. एक वनस्पती, दुसरा प्राणी. झाडाचे आयुष्य सहज दीडदोनशे वर्षांचे, तर खार सात-आठ वर्षे जगली तरी दीर्घायुषी म्हणायची. झाड पंचवीस मीटर उंच, खार ओंजळीत मावेल एवढी. तरीही ही दोघे एकमेकांना वगळून नीट समजत नाहीत. पाइनच्या शंकूचा वाकडा आकार, त्याच्या खवल्यांची जाडी, त्यातील बियांची संख्या, इतकेच काय पण वणव्यानंतर जंगल किती दाट उगवेल, या सगळ्यावर खारीच्या दातांची छाप आहे. आणि खारीच्या कवटीवर पाइनच्या शंकूची.

झाड

लॉजपोल पाइनचे शास्त्रीय नाव पायनस कॉन्टॉर्टा. कॅनडाच्या युकॉन प्रदेशापासून खाली अमेरिकेतील कोलोरॅडोपर्यंत आणि पॅसिफिक किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीपर्यंत ते आढळते. किनाऱ्यावर वाऱ्याने पिळवटलेले, खुरटे झाड दिसते. रॉकी पर्वतात मात्र तेच झाड सरळसोट, सडपातळ आणि उंच वाढते. मैदानी प्रदेशातील मूलनिवासी जमाती आपल्या शंकूच्या आकाराच्या तंबूंसाठी याच झाडाचे सोट वापरत आणि त्यासाठी दूरवरून पर्वतात येत. पुढे रेल्वेचे स्लीपर आणि तारांचे खांबही याच लाकडाचे झाले. पाने सुईसारखी, जोडीजोडीने येणारी. या प्रकरणात विचार केला आहे तो या पर्वतीय प्रकाराचा.

या झाडाची साल पातळ असते. जाड सालीचे पाँडेरोसा पाइन जमिनीलगतच्या आगीतून बरेचदा वाचते. लॉजपोल सहसा वाचत नाही. त्यातच त्याला सावली सोसत नाही. मोठ्या झाडांच्या छायेत त्याची रोपे तग धरत नाहीत, म्हणून नव्या पिढीला मोकळे, उन्हाचे रान लागते आणि असे रान बहुतेक वेळा वणवाच करून देतो. झाड मरते, पण त्याच्या फांद्यांवर वर्षानुवर्षे साठवलेले बी वाचते, अशी ही व्यवस्था आहे.

त्यासाठी लागणारी यंत्रणा शंकूत आहे. अनेक लॉजपोल झाडांचे शंकू पिकल्यावरही उघडत नाहीत. त्यांचे खवले राळेने एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि ही राळ साधारण ४५ अंश सेल्सियसच्या पुढे तापल्याशिवाय सुटत नाही. उंच फांदीवर, थंड पर्वती हवेत एवढे तापमान सहसा येत नाही, वणव्यात येते. असे बंद शंकू दहा-वीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ झाडाला तसेच धरून राहतात आणि आतले बी बराच काळ रुजण्याजोगे राहते. झाडाच्या माथ्यावर असा अनेक हंगामांचा बियांचा साठा तयार होतो. आग आली की राळ वितळते, खवले उलगडतात आणि काही दिवसांत राखेवर बियांचा सडा पडतो.

मात्र सगळीच लॉजपोल झाडे अशी नसतात. त्याच जंगलात, शेजारीशेजारी, काही झाडांचे शंकू पिकताच शरद ऋतूत उघडतात आणि बी वाऱ्यावर सोडून देतात. हा गुण बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. वारंवार जळणाऱ्या प्रदेशात उघडे शंकू असलेली झाडे मागे पडायला हवीत, तरी ती टिकून आहेत आणि अनेक ठिकाणी बहुसंख्य आहेत. निव्वळ आगीच्या हिशेबाने हे कोडे सुटत नाही.

एक शंकू हातात घेऊन पाहिला तर उत्तराचा पहिला धागा सापडतो. तो तीन ते पाच सेंटिमीटर लांब, लाकडासारखा कठीण आणि एका बाजूला फुगीर असतो. बूड तिरके; फांदीला तो जवळजवळ देठाविना चिकटलेला, टोक मागे वळलेले. फुगीर बाजूचे खवले जाड असून प्रत्येकावर बारीक काटा असतो. बुडाकडच्या खवल्यांखाली बी नसतेच. बिया टोकाकडच्या भागात असतात, प्रत्येक फलद्रूप खवल्याखाली दोन. एका बीचे वजन चार मिलिग्रॅमच्या आसपास. शंकूच्या एकूण वजनात बियांचा वाटा जेमतेम एखादा टक्का भरतो, बाकी सगळे लाकूड. बी पसरवणे एवढेच काम असते तर एवढे लाकूड खर्च करण्याची गरज नव्हती. ही तटबंदी आहे आणि ती कोणाविरुद्ध उभारलेली आहे, हे बुडाच्या बांधणीवरून कळते.

खार

अमेरिकन लाल खार म्हणजे टॅमियासायुरस हडसोनिकस. वजन दोनशे ते अडीचशे ग्रॅम. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याच कुळातला, पण तो हिच्या सहा-सात पट भारी. पाठ तांबूस, पोट पांढरे, डोळ्याभोवती पांढरे कडे आणि उन्हाळ्यात दोन्ही कुशींवर एक काळसर रेघ. अलास्कापासून कॅनडाची सूचिपर्णी अरण्ये आणि रॉकी पर्वत ते अमेरिकेचा ईशान्य भाग असा तिचा मोठा पसारा आहे. दक्षिण रॉकीजमधल्या खारींना काही प्राणिशास्त्रज्ञ आता स्वतंत्र प्रजाती मानतात.

या खारीच्या जगण्याचा केंद्रबिंदू म्हणजे तिचा ढिगारा. ठरावीक झाडाखाली बसून ती शंकू सोलते आणि सोललेले खवले तिथेच पडत जातात. खारीमागून खार त्याच जागी राहते, त्यामुळे अनेक पिढ्यांच्या खवल्यांचा कित्येक मीटर रुंदीचा, गुडघाभर किंवा त्याहून खोल थर साचतो. आतून तो थंड आणि ओलसर असतो. खार शरदात हिरवे, बंद शंकू कापून या थरात पुरते. ओलाव्यामुळे ते उघडत नाहीत आणि बी आत शाबूत राहते. एका ढिगाऱ्यात हजारो शंकू असू शकतात; हा तिचा हिवाळ्याचा आणि कधीकधी पुढच्या वर्षाचाही शिधा.

शिधा एका जागी असला की त्याची राखण करावी लागते. नर असो वा मादी, प्रत्येक प्रौढ लाल खार आपला स्वतंत्र इलाखा राखते. युकॉनमधील अभ्यासात तो सरासरीने हेक्टरच्या एक तृतीयांशाएवढा भरला. खुळखुळ्यासारखा आवाज काढून ती आपली हद्द दिवसभर जाहीर करत असते. हद्दीत शिरणाऱ्याला, मग ती तिची सख्खी बहीण का असेना, हुसकावून लावले जाते.

शंकू सोलण्याचे तिचे तंत्र पाहण्यासारखे आहे. मागच्या पायांवर बसून ती शंकू पुढच्या पंजांत आडवा धरते, बुडाकडे तोंड करून. पटाशीच्या दातांनी बुडाचा पहिला खवला तोडून टाकते, शंकू किंचित फिरवते, दुसरा तोडते. खवले शंकूभोवती मळसूत्राच्या ओळीत असतात आणि खार ती ओळ सोडत नाही. सुरुवातीच्या अनेक खवल्यांखाली काहीच मिळत नाही. वर सांगितलेली बुडाकडची जाड, बीहीन बाजू नेमकी तिच्या वाटेवर उभी आहे. बियांपर्यंत पोचायला वेळ आणि श्रम दोन्ही लागतात, म्हणून खार कोणत्या झाडाचे शंकू कापायचे याची निवड काटेकोरपणे करते. कमी श्रमात जास्त बी देणारी झाडे ती आधी गाठते, आणि अशा झाडांचे बी जमिनीपर्यंत पोचतच नाही. हीच निवड पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली की जंगलात वारस उरतात ते कठीण, कमी बियांच्या शंकूंचे.

लाल खार केवळ शंकूंवर जगते असे नाही. कळ्या, बेरी, पक्ष्यांची अंडी आणि हिमसशाची पिल्लेही ती खाते. अळंबी तोडून फांद्यांच्या बेचक्यांत वाळत घालते आणि मग साठवते. ईशान्य अमेरिकेत ती मेपलच्या सालीला चावा घेते आणि रसातले पाणी उडून गेल्यावर उरलेली साखर चाटायला परत येते. पण हिवाळा निघतो तो शंकूंवर. ही खार शीतनिद्रा घेत नाही. उणे तीस अंशांच्या आसपासच्या कडाक्यात तेवढी घरट्यात दडून राहते, एरवी रोज बाहेर पडते.

दोन जीवनक्रम

हिवाळ्याला दोघांची उत्तरे अगदी उलटी आहेत. पाइन थंडीत जवळजवळ थांबते. कडाक्याची थंडी निभावता येईल असे बदल ते शरदातच करून घेते, प्रकाशसंश्लेषण बंद पडते, सुया मात्र गळत नाहीत. त्या कित्येक वर्षे टिकतात. खारीला थांबणे परवडत नाही. शरीर गरम ठेवण्यासाठी तिला रोज इंधन लागते आणि ते इंधन झाडाच्या पुढच्या पिढीतूनच येते.

संततीच्या बाबतीत झाड उधळे आहे. पाच-दहा वर्षांचे होताच त्याला शंकू धरू लागतात आणि नंतर जवळपास दरवर्षी थोडेफार येत राहतात. स्प्रूससारख्या झाडांत काही वर्षे अमाप पीक आणि मध्ये कित्येक वर्षे दुष्काळ असा क्रम असतो. लॉजपोलचे तसे नाही. हजारो बियांतून एखादे झाड उभे राहिले तरी त्याचा हिशेब जुळतो. खारीची मादी वर्षातून बहुधा एकच दिवस माजावर येते. सुमारे पस्तीस दिवसांच्या गर्भधारणेनंतर तीन-चार पिल्ले होतात आणि ती सत्तर दिवसांच्या आसपास दूध सोडतात. त्यांतली बरीचशी पहिला हिवाळा पाहत नाहीत, कारण ढिगारा असलेला इलाखा मिळाला नाही तर थंडीत जगणे अशक्यप्राय असते. काही माद्या आपला इलाखा किंवा त्याचा भाग पिल्लाला देऊन स्वतः दुसरीकडे जातात. प्राण्यांमध्ये असा त्याग फार क्वचित दिसतो.

ही माहिती मुख्यतः युकॉनमधील क्लुएन सरोवराच्या परिसरात १९८७ पासून चाललेल्या अभ्यासातून मिळाली आहे. तिथले झाड लॉजपोल नव्हे, पांढरे स्प्रूस. तिथे आणखी एक विलक्षण गोष्ट दिसली. स्प्रूसला अमाप पीक यायचे असते त्या वर्षी खारी ते पीक पिकण्याच्या आधीच, उन्हाळ्यात, दुसरी वीण घेतात. पोटात अन्न पडण्याआधीच त्या येणाऱ्या सुगीवर भरवसा ठेवतात. झाडाने बियांच्या लहरी पिकाने खारीला चकवावे आणि खारीने तो चकवा आधीच ओळखावा, असा हा सामना आहे.

खारीविना डोंगर

शंकूची बांधणी खारीमुळे घडली, हे म्हणणे सिद्ध कसे करायचे? क्रिस्टोफर स्मिथ यांनी १९६०च्या दशकात दक्षिण ब्रिटिश कोलंबियातील कॅस्केड पर्वतात पहिले भक्कम पुरावे गोळा केले आणि १९७० मध्ये ते प्रसिद्ध झाले. कॅस्केडच्या पश्चिमेला, दमट जंगलात लाल खारीची बहीण डग्लस खार राहते. तिथले शंकू तुलनेने मऊ. पूर्वेला, कोरड्या आणि वारंवार जळणाऱ्या भागात लाल खार आणि लॉजपोलचे कठीण, बंद शंकू. पूर्वेकडच्या खारीच्या जबड्याचे स्नायू अधिक बळकट आणि ते जिथे चिकटतात तो कवटीवरचा कंगोराही अधिक ठळक असल्याचे स्मिथ यांनी दाखवले. शंकू कठीण तिथे जबडा मजबूत.

पण सर्वांत बोलका पुरावा खार नसलेल्या ठिकाणी मिळाला. हिमयुग सरल्यावर लॉजपोल काही एकाकी डोंगरांवर पोचले. आयडाहोच्या दक्षिणेतील साउथ हिल्स आणि अल्बियन पर्वत, तसेच कॅनडातील सायप्रेस हिल्स हे असे डोंगर. सभोवती सेजची झुडपे आणि गवताळ माळ. झाडावरून झाडावर जाणाऱ्या खारीला हा माळ ओलांडता आला नाही. त्यामुळे इथल्या पाइनची हजारो वर्षे खारीविना गेली. क्रेग बेंकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून या डोंगरांवरचे शंकू मोजले आणि शेजारच्या, खारी असलेल्या रॉकीजमधल्या शंकूंशी ताडून पाहिले. खार नाही तिथे शंकूत बिया जास्त, वजनाच्या मानाने बियांचा वाटा मोठा आणि बुडाचे खवले पातळ. लढाई नसलेल्या बाजूची तटबंदी झाडाने सोडून दिली होती.

दुसरीकडे, टोकाकडचे खवले मात्र या डोंगरांवर जाड झालेले निघाले. कारण खार नसल्याने बियांचा दुसरा ग्राहक पुढे आला होता. तो म्हणजे क्रॉसबिल, चोचीची टोके कात्रीसारखी एकमेकांवरून गेलेला फिंच कुळातला पक्षी. तो शंकू सोलत नाही. खवल्यांच्या फटीत चोच घालून ते फाकवतो आणि जिभेने बी काढतो. त्याचा हल्ला टोकाकडे, म्हणून तटबंदीही टोकाकडे. खारी असलेल्या जंगलात शरदातच बहुतेक माल फस्त होतो आणि क्रॉसबिलला उष्टे उरते; खार नसलेल्या साउथ हिल्समध्ये हे पक्षी कितीतरी पट दाटीने राहतात. तिथल्या जाड खवल्यांशी झगडता झगडता त्यांची चोचही अधिक जाडजूड झाली. हा पक्षी इतका वेगळा ठरला की २०१७ मध्ये अमेरिकेच्या पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्याला कॅसिया क्रॉसबिल या नावाने स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. एका खारीच्या अनुपस्थितीने झाडाचा शंकू बदलला आणि पक्ष्याची एक जात घडली. उत्क्रांतीच्या अभ्यासात इतका स्वच्छ पुरावा क्वचितच हाती लागतो.

याची उलट बाजू दुःखद आहे. न्यूफाउंडलंड बेटावर लाल खार नव्हती. १९६० च्या दशकात माणसाने ती तिथे आणून सोडली. खारीविरुद्धची तटबंदी गमावलेले तिथले काळ्या स्प्रूसचे शंकू तिच्या हाती सहज लागले आणि त्यांवर जगणारे बेटावरचे क्रॉसबिल झपाट्याने घटले.

आग आणि दात

आता बंद आणि उघड्या शंकूंचे कोडे सुटते. बंद शंकू वणव्यासाठी उत्तम, पण तो वर्षानुवर्षे फांदीवर लटकत राहतो आणि तेवढी वर्षे खारीच्या आवाक्यातही राहतो. उघडणाऱ्या शंकूला खारीपासून फक्त काही आठवडे बचावायचे असते. त्यानंतर त्याचे बी वाऱ्याबरोबर निघून जाते. म्हणजे आग एका प्रकारच्या झाडाला निवडते आणि खार दुसऱ्या. बेंकमन आणि ॲडम सिपिएल्स्की यांनी २००४ मध्ये दाखवले, की खार नसलेल्या डोंगरांवर जवळपास प्रत्येक झाड बंद शंकूंचे आहे, तर खार असलेल्या भागात अशा झाडांचे प्रमाण सरासरीने निम्म्याहून कमी भरते. पुढे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मॅथ्यू टालुटो आणि बेंकमन यांनी हाच ताण एकाच भूप्रदेशात, थोड्या थोड्या अंतरावर तपासला. वणवे वारंवार येणाऱ्या पट्ट्यात बंद शंकू वाढलेले, खारी दाट असलेल्या पट्ट्यात घटलेले.

याचा परिणाम साध्या डोळ्यांनी दिसतो. १९८८ च्या उन्हाळ्यात यलोस्टोनचा सुमारे ३६ टक्के भाग वणव्यांच्या कक्षेत आला. मोनिका टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर रोपे मोजली तेव्हा काही ठिकाणी हेक्टरी पाच लाखांहून अधिक रोपे आढळली, तर काही ठिकाणी जवळपास काहीच नाही. आगीची तीव्रता आणि मोठ्या जळिताचा विस्तार यांचा त्यात वाटा होताच, पण जळालेल्या झाडांत बंद शंकूंची झाडे किती होती हा निर्णायक घटक ठरला. आणि ते प्रमाण ठरवण्यात आधीच्या शेकडो वर्षांतल्या खारींचा हात होता.

खार बिया पुरते आणि विसरते, त्यामुळे जंगल उगवते, असा एक गोड समज सर्वत्र आहे. विखुरलेल्या जागी एकेक ओक-फळ पुरणाऱ्या करड्या खारीबाबत तो बऱ्याच अंशी खराही आहे. लॉजपोलच्या रानातली लाल खार मात्र झाडे लावत नाही. तिचे शंकू थंड, ओल्या ढिगाऱ्यात बंद राहतात. त्यांतून रोप उगवण्याची शक्यता फार थोडी. पाइनच्या दृष्टीने ती निव्वळ भक्षक आहे. तिला माळीण ठरवल्याने तिचे मोठेपण वाढत नाही. जंगलाचे रूप ठरवणारी भक्षक म्हणून ते आधीच मोठे आहे. तिच्या ढिगाऱ्यावर इतरांचाही संसार चालतो. मार्टेन हा छोटा मांसाहारी प्राणी त्यात थंडीतला आडोसा शोधतो. अधिक उंचीवर, पांढऱ्या सालीच्या पाइनचे रान लागते तिथे ग्रिझली अस्वले खारींचे ढिगारे उकरून त्यातल्या मोठ्या, तेलकट बिया खातात.

बदलता काळ

खार आणि पाइन यांचा हा जुना तोल आता तिसऱ्याच कारणाने, तापत्या हवामानाने, ढळतो आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सौम्य हिवाळ्यांमुळे झाडांची साल पोखरणाऱ्या पाइन-भुंगेऱ्याच्या अळ्या मोठ्या संख्येने वाचू लागल्या आणि एकट्या ब्रिटिश कोलंबियात १.८ कोटी हेक्टरांहून अधिक जंगलाला त्याची झळ बसली. झाडे वाळली, नवे शंकू धरायचे थांबले आणि अशा रानातल्या खारींचा आधार तुटला.

आगीचे वेळापत्रकही बदलले आहे. यलोस्टोनच्या उंच पठारांवर पूर्वी दोन मोठ्या वणव्यांमध्ये शंभर ते तीनशे वर्षांचे अंतर असे. तेवढ्या अवधीत पाइनच्या माथ्यावर बियांचा भरपूर साठा होई. बंद शंकू धरण्याचा गुण कोवळ्या झाडांत लगेच दिसत नाही. त्याला साधारण काही दशके जावी लागतात. २०१६ मध्ये तिथे लागलेल्या वणव्यांनी १९८८ च्या जळितावर उगवलेले, जेमतेम २८ वर्षांचे रान पुन्हा जाळले. टर्नर यांच्या गटाने तिथली रोपे मोजली. पहिल्या वणव्यानंतर जेवढी उगवली होती त्याच्या सुमारे एक षष्ठांश एवढीच या खेपेस उगवली.